किमतीच्या पोटातला कर

गेल्या महिन्यात मी एका दुकानदाराला चारचौघांत लबाड ठरवलं. त्याची ही जाहीर कबुली.

मिक्सर घेतला, करासह २,३६० रुपयांना. पावतीवर जीएसटीचा दर १८ टक्के आणि कर ३६० रुपये. मी लगेच २,३६० चे १८ टक्के काढले. आले ४२४ रुपये ८० पैसे.

‘‘सरकारचे ६४ रुपये ८० पैसे कुठं गेले?’’ माझा आवाज चढला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘‘चाचा, कर मूळ किमतीवर लागतो. तुम्ही करावरही कर लावलात. मूळ किंमत १०० धरा, १८ मिळवा, झाले ११८. म्हणून एकूण रकमेला ११८ नं भागा आणि १८ नं गुणा.’’

भागलं, २० आले. गुणलं, ३६० झाले. मूळ किंमत २,०००. केंद्राचे १८० आणि राज्याचे १८०. हिशेब चोख होता.

पाच टक्क्यांचं तर याहून सोपं. एकूण रकमेला २१ नं भागायचं. १,०५० रुपयांत कर ५० रुपये.

महाराष्ट्रात २००५ साली व्हॅट आला, २०१७ साली देशभर जीएसटी. नावं बदलली, दर बदलले. हा भागाकार तोच राहिला. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर कुणी वेगळा कर मागितला तर जरूर भांडा. पण आधी भागाकार करा.

जन्मभर मी कवितेच्या मात्रा मोजत आलो. त्या दिवशी मोजणीत चुकलो आणि एका प्रामाणिक माणसाला बोल लावला. माफी त्याच गिऱ्हाइकांसमोर मागितली. तो हिशेबही चुकता करायला हवा होता.