बुडबुड्याच्या पुढे जाऊ नये

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच सुटला. तरी आज देवमाशांविषयी बोलणार आहे, त्याला कारण माझा भाचा. तारकर्लीला तो स्कुबा डायव्हिंग शिकून आला. सांगत होता, ''मामू, वर येताना आपल्या तोंडून निघालेल्या बुडबुड्याच्या पुढे जायचं नाही.'' मी म्हटलं, ''का रे?'' तर म्हणाला, ''बाटलीतल्या हवेतला नायट्रोजन खोल पाण्यात, दाबाखाली रक्तात विरघळतो. माणूस घाईनं वर आला की गोटी सोड्यासारखा फसफसतो. सांधे धरतात, लकवा होतो, जीवही जातो.''

मग देवमाशाचं काय? क्युव्हिअरचा चोचवाला देवमासा तर २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. पण तो बाटली घेऊन जात नाही. एकाच श्वासावर जातो. खाली दाबानं त्याची फुप्फुसं मिटतात, हवा श्वासनळीकडे सरकते आणि तिथून ती रक्तात फारशी मिसळत नाही. म्हणून त्याला हा आजार होतच नाही, असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं मानत आले.

सप्टेंबर २००२ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांजवळ आंतरराष्ट्रीय नौदल कवायत झाली. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारचा आवाज सुरू झाल्यावर साधारण चार तासांत चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागू लागले. एकूण १४. शवविच्छेदनात त्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे आढळले. २००३ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. पुढच्याच वर्षी स्पर्म देवमाशांच्या जुन्या हाडांत झिजेचे खड्डे आढळल्याचंही प्रसिद्ध झालं. तीही याच आजाराची खूण असावी, असं अभ्यासकांनी मांडलं.

नेमकं काय घडतं, यावर अजून वाद आहे. बऱ्याच जणांचं मत असं, की आवाजाला घाबरून देवमासा आपली बुडण्या-वर येण्याची लय सोडतो आणि त्याच्या देहाची राखण अपुरी पडते. म्हणजे निसर्गानं दिलेलं कवच खरं, पण ते अभेद्य नव्हे.

कविता लिहिणाऱ्याला लय मोडण्याचं दुःख ठाऊक असतं. मात्र आमची लय मोडली तर एक ओळ बिघडते. तिथे जीव जातो.

या गोष्टीचा शेवट मात्र निराशेचा नाही. स्पेननं २००४ साली कॅनरी बेटांभोवती अशा सोनारवर बंदी घातली. त्यानंतर तिथे असे कळपानं देवमासे किनाऱ्याला लागले नाहीत, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये नोंदवलं. देशाचं संरक्षण हवंच, कवायतीही हव्यात. पण त्या कुठं करायच्या, हे ठरवणं आपल्या हातात असतं.

भाच्याला त्याच्या गुरूनं सांगितलं, बुडबुड्याच्या पुढे जाऊ नकोस. देवमाशाला ते सांगावं लागत नाही. त्याला ते उपजत ठाऊक असतं. आपण फक्त त्याला घाई करायला लावू नये.