घरच्या शुश्रूषेचें मोल

वार्धक्यांत हातपाय थकले, कीं औषधापेक्षांही हात देणारा माणूस अधिक लागतो. अमेरिकेंतील वृद्धांच्या सरकारी विम्यांत अशा दीर्घकाळच्या शुश्रूषेची सोय नाहीं. गरिबांसाठीं असलेल्या मेडिकेड योजनेचा आश्रय घ्यावा, तर जवळची शिल्लक बहुतेक संपवावी लागते.

हा पेंच सोडविण्यासाठीं वॉशिंग्टन राज्यानें २०१९ मध्यें कायदा केला. जुलै २०२३ पासून नोकरदारांच्या वेतनांतून हजार डॉलरांमागें ५ डॉलर ८० सेंट कापले जाऊं लागले. पात्र माणसास जन्मभरांत ३६,५०० डॉलरांपर्यंत मदत ठरली. तिच्या आरंभासाठीं जुलै २०२६ हा महिना नेमला. घरीं येणारा मदतनीस, दारीं पोंचणारें जेवण, न्हाणींतील आधाराचा कठडा, इतकेंच नव्हे, तर रीतसर नोंद करून शुश्रूषा करणाऱ्या मुलीचें वेतनही त्यांतून देतां यावें, अशी ही तरतूद आहे.

ही रक्कम वर्षानुवर्षें पुरणारी नव्हे, हें खरें. सक्ती नको, असेंही पुष्कळांचें म्हणणें होतें. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्यें वर्गणी ऐच्छिक करण्याची सूचना मतदारांनींच फेटाळली. घरचें काम म्हणून जे कष्ट फुकट समजले जात, त्यांचें मोल कायद्यानें मान्य केलें, हेंच या योजनेचें खरें महत्त्व होय.