लोंबींतील दाण्यांचा हिशेब



धर्मकृत्य निघालें कीं भटजी जव मागतो. पण या जवाच्या, म्हणजे सातूच्या, लोंबींत दाणे कमी कां धरतात हें त्यानें आपल्या वाडवडिलांस कधीं सांगितलें नाहीं. तें आपणच शिकलें पाहिजे. सातू मुख्यत्वें राजस्थान व उत्तर प्रदेशांत पिकतो. तरी त्याचा हिशेब आपल्या गव्हासही लागू आहे.

पीक तीन गोष्टींवर ठरतें: लोंब्या किती, लोंबीस दाणे किती, आणि दाण्याचें वजन किती. समजा, एक मीटर लांब व तितक्याच रुंद जागेंत २५० लोंब्या आहेत व दर लोंबीस ४० दाणे आहेत. म्हणजे १०,००० दाणे झाले. हजार दाण्यांस ४० ग्रॅम वजन धरलें तर एकरीं सुमारें १६ क्विंटल होतात. लोंबीस दहाच दाणे कमी धरले, तर चार क्विंटल गेले!

सातूंत दोन जाती आहेत. सहा ओळींच्या लोंबींत पेरापेराला तीन दाणे धरतात. दोन ओळींच्या लोंबींत मधला एकच धरतो, पण तो टपोरा असतो व झाडास फुटवे जास्त येतात.

आतां मुख्य गोष्ट ऐका. दाण्यांची संख्या बरीचशी लोंबी ताटाच्या पोटांत असतांनाच ठरते. म्हणून पेरणीनंतर ३०-३५ दिवसांनीं, फुटव्यांच्या वेळीं, पहिलें पाणी चुकवूं नये. पुढें ताट वाढतांना खत, पाणी किंवा ऊन कमी पडलें तर टोंकाकडचीं फुलें मरतात. फुलोऱ्यांत हिंव पडलें तर दाणेच धरत नाहींत. पेरणी लांबली तर उन्हाळा गांठतो व दाणा बारीक राहतो. तेव्हां पेरणीस पंचांग पाहूं नका. जमिनीची ओल व हंगाम पाहा.

लोंबी बाहेर पडल्यावर दुकानदार युरियाचें पोतें उधार देऊं लागला, तर हात जोडून परत पाठवा. त्यानें दाण्यांची संख्या वाढत नाहीं. दाण्यांत प्रथिन मात्र वाढतें, आणि बीअरसाठीं सातू घेणारा व्यापारी त्याच कारणानें भाव पाडतो. कर्ज आपलें, नफा दुसऱ्याचा!

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या अज्ञानावर कोण जगतें हें दाखविलें. त्या अज्ञानाचें कर्ज आपण अजून फेडीत आहों. यंदा कापणीपूर्वीं मुलामुलींस शेतांत न्या, लोंब्या व दाणे मोजा, आणि आंकडे वहींत लिहून ठेवा. ज्याच्या घरीं हिशेब आहे, त्याला कोणी सहज फसवीत नाहीं.