पोलादाच्या आतला माणूस



चिलखती दल म्हटले की डोळ्यांसमोर रणगाडा उभा राहतो. आतला माणूस दिसत नाही. 'पूना हॉर्स' हे १८१७ साली उभे राहिलेले घोडदळ. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. पण 'स्क्वाड्रन' आणि 'ट्रूप' ही घोडदळाची रचना टिकली. ट्रूपमध्ये तीन रणगाडे आणि त्यांचा नायक बहुधा विशीतला तरुण.

सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर या रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्याकडे होते. ११ तारखेला ते जखमी झाले. उपचारांसाठी मागे जाण्यास त्यांनी नकार दिला, आणि १६ तारखेला त्यांना रणांगणावरच वीरमरण आले.

१६ डिसेंबर १९७१. बसंतर नदीपलीकडे त्याच रेजिमेंटच्या २१ वर्षीय सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना पेटलेला रणगाडा सोडण्याचा आदेश मिळाला. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते अखेरपर्यंत लढले.

दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र लाभले. सेनापती स्वतः पुढे राहिला, आणि सहा वर्षांनी त्याच्या रेजिमेंटचा कोवळा अधिकारीही मागे हटला नाही. परंपरा म्हणतात ती हीच.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलांना अवश्य न्या. पोलादाची जाडी दाखवाच. पण आत बसणाऱ्यांची ही कथाही सांगा.