संकेतस्थळ उभारताना : घर कोणाच्या नावावर?

(हिंगोली जिल्ह्यातील बचतगटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हळदपूड, मिरची, पापड, शेवया, डाळी असा माल तयार करणाऱ्या गटांच्या बायका आज इथे जमल्या आहेत. 'आमच्या मालाची वेबसाइट काढायची आहे, त्याला काय काय लागते?' हा तुमच्यापैकी अनेकींचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी आपल्या रोजच्या ओळखीचा एक प्रश्न विचारते.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत हळदीचे काम बायकांना काही नवे नाही. बेणे निवडायचे, लावायचे, खुरपायचे, काढणीच्या वेळी कंद वेचायचे, शिजवलेली हळद वाळत घालायची आणि हलवत राहायची. यातले कोणते काम बाईच्या हाताशिवाय होते? पण माल मार्केट यार्डात गेला की सौद्याला कोण उभे राहते? आडत्याची पट्टी कोणाच्या नावाने होते? पैसा कोणाच्या खात्यावर जातो? उत्तर तुम्हाला माहीत आहे. सातबारा ज्याच्या नावाचा, पट्टी त्याच्या नावाची.

वेबसाइट हाही एक बाजारच आहे. तिथे जागा घ्यावी लागते, त्या जागेची नोंद होते, आणि नोंद ज्याच्या नावावर असेल तो मालक ठरतो. म्हणून वेबसाइट कशी काढायची आणि ती कोणाच्या नावावर काढायची, हे दोन प्रश्न मी वेगळे करणार नाही.

वेबसाइटला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे नाव. त्याला डोमेन म्हणतात. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असते ते हेच. डॉट इन हे भारताचे नाव. त्याची व्यवस्था 'निक्सी' ही संस्था पाहते आणि नोंदणी करून देणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांकडून ते घेता येते. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत असेही नाव मिळते. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. वर्षाच्या भाड्याने मिळते, आणि दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावे लागते. पहिल्या वर्षी स्वस्त देतात, दुसऱ्या वर्षापासून दर वाढतो. म्हणून घेतानाच नूतनीकरणाचा दर विचारा. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही दिवसांनी ते नाव कोणीही घेऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा, तिला होस्टिंग म्हणतात. आपली पाने आणि फोटो ज्या संगणकावर ठेवायचे तिथले हे भाडे. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम, म्हणजे पाने तयार करणे. तयार साचे देणाऱ्या सेवा आहेत, त्यांत संगणकाची भाषा न शिकता मजकूर आणि फोटो भरता येतात. काही सेवा फुकट असतात, पण तेव्हा आपल्या नावापुढे त्यांचे नाव लागते. शिकायला ते ठीक आहे. धंदा चालू लागला की आपले नाव घ्यावे.

नाव निवडताना एक सोपी कसोटी लावा. फोनवर एकदा सांगितले की ऐकणाऱ्याला बिनचूक लिहिता आले पाहिजे. आपल्या वसमतचेच पाहा. इंग्रजीत कोणी 'बी'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने. नावात वसमत घातले तर निम्मी गिऱ्हाइके भलत्याच पत्त्यावर जातील. आणखी एक कारण आहे. 'वसमत हळद' या नावाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव कोणा एकाचे नाही, ते त्या भागाचे आहे. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा सांगतो की ते नाव आणि चिन्ह मालावर वापरायचे असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तशी नोंद जरूर करा. पण वेबसाइटला आपल्या गटाचे, आपण घडवलेले नाव द्या.

आता मालकीचा मुद्दा. समजा, गटातल्या एकीचा पुतण्या संगणक शिकलेला आहे. तो म्हणतो, 'काकू, मी करून देतो.' चांगल्या मनाने करतो. पण नाव घेताना ईमेल त्याचा, मोबाइल नंबर त्याचा, पैसेही त्याच्याच खात्यातून. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येऊन पडते आणि एक दिवस वेबसाइट बंद होते. यात कोणी फसवले नाही. तरी गटाने दोन वर्षे कमावलेले नाव हातचे गेले, कारण कागदावर गट कुठेच नव्हता.

हे आपल्याला नवीन आहे का? १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर केला. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. राबणाऱ्या बाईचे नाव कागदावर यावे, यासाठी एवढा काळ जावा लागला. नव्या मालमत्तेच्या बाबतीत तरी पहिल्याच दिवशी नाव लागले पाहिजे.

तेव्हा असे करा. गटाच्या कामासाठी नवा ईमेल उघडा. वेगळे सिमकार्ड घ्या. सिम कोणा एकीच्या नावावर घ्यावे लागेल, ती कोण हे बैठकीत ठरवा आणि ठरावपुस्तकात लिहा. डोमेनच्या अर्जात मालक म्हणून गटाचे नाव घाला. पैसे गटाच्या खात्यातून भरा, पावती फाइलला लावा. पासवर्ड किमान दोघींना ठाऊक हवा. बँकेच्या खात्यावर दोघी-तिघींच्या सह्या लागतात, तीच शिस्त इथेही. पुतण्याकडून काम जरूर करून घ्या. त्याला मजुरी द्या, पण किल्ली देऊ नका.

कोणी म्हणेल, आमच्या बायकांना हे कुठे जमणार? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ३३ जणींनीच कधी ना कधी इंटरनेट वापरलेले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७ होते. हा फरक बुद्धीचा नाही. घरात फोन एक असेल तर तो कोणाच्या खिशात असतो, हा तो फरक आहे. ज्या बाईला व्याजाचा हिशेब तोंडपाठ येतो, तिला पासवर्ड बदलता येणार नाही असे कोण म्हणेल?

आता पानांवर काय लिहायचे ते पाहू. चार पाने पुरतात : आम्ही कोण, आमचा माल, मागणी कशी नोंदवायची, आणि संपर्क. मालाच्या पानावर वजन, किंमत आणि पाठवणीचा खर्च स्पष्ट लिहा. 'किमतीसाठी फोन करा' असे लिहिले की गिऱ्हाईक पुढे जाते. फोटो दिवसाच्या उजेडात, आपल्याच मालाचा काढा. फोटो फार जड नकोत, कारण पाहणारा बहुधा मोबाइलवर पाहत असतो. मजकूर मराठीत लिहा, बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी हिंदी किंवा इंग्रजीही ठेवा. मराठी युनिकोडमध्येच टंकित करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेले दुसऱ्याच्या फोनवर वाचता येत नाही आणि शोधूनही सापडत नाही.

'आम्ही कोण' हे पान उरकून टाकू नका. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. जखमेवर हळद लावणे घरोघरच्या बायकांना ठाऊकच होते. पण तिथे उपयोगी पडले ते जुन्या ग्रंथांतले आणि शोधनिबंधांतले लेखी पुरावे. म्हणून लिहा. हळद कोणत्या शिवारातली, कोणी शिजवली, कशी वाळवली, कुठे कांडली हे लिहा. भेसळीच्या भीतीने धास्तावलेल्या गिऱ्हाइकाला तेच वाचायचे असते. मात्र 'ही हळद घेतल्याने अमुक रोग बरा होतो' असे एक अक्षरही लिहू नका. खाद्यपदार्थाविषयी असा दावा करणे कायद्याने गुन्हा ठरू शकते.

कायद्याची कागदपत्रे आधी जमवा. खाण्याचा माल आहे, तेव्हा २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर येतो. वजनमापाच्या नियमांप्रमाणे पाकिटावर नाव, पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि तक्रारीचा नंबर लागतो. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० सालचे आहेत. त्यांप्रमाणे वेबसाइटवर विक्रेत्याचे नाव, पत्ता, माल परत घेण्याची पद्धत आणि तक्रार कोणाकडे करायची हे दिसले पाहिजे. 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. राहिला जीएसटी. राज्यातल्या राज्यात लहान उलाढालीला सूट आहे. पण हळदपूड स्वतः राज्याबाहेर विकायची, तर उलाढाल थोडी असली तरी नोंदणी लागते. हैदराबादचे गिऱ्हाईक आले म्हणून घाईने पाकीट पाठवण्याआधी हिशेबनिसाला विचारा.

पैशांचे व्यवहारही गटाच्याच खात्यावर घ्या. सुरुवातीला क्यूआर कोड पुरतो. मागण्या वाढल्या की वेबसाइटवरच पैसे भरण्याची सोय जोडता येते, तिला गटाचे पॅन आणि बँक खाते लागते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या लेकीसुनांनाही सांगा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा. वेबसाइटच्या पत्त्यापुढे 'एचटीटीपीएस' आहे ना, तेही पाहा. त्याचा अर्थ गिऱ्हाइकाने भरलेली माहिती वाटेत उघडी पडत नाही.

बायकांच्या नंबरचे एक दुखणे आहे, त्यावर उघड बोलले पाहिजे. नंबर जाहीर झाला की रात्री-अपरात्री नको ते फोन येतात. मग घरचे म्हणतात, 'बंद कर हे सगळे.' म्हणजे त्रास देणारा दुसरा आणि धंदा बुडतो आपला. म्हणून स्वतःचा नंबर कधी देऊ नका. गटाचाच नंबर द्या, त्यावर बोलण्याची वेळ लिहा, फोन पाळीपाळीने सांभाळा. पत्ताही घराऐवजी गटाच्या कार्यालयाचा किंवा कांडप केंद्राचा द्या. त्रास झालाच तर संदेश पुसू नका, जपून ठेवा आणि गटाने मिळून पोलिसांत तक्रार द्या.

शेवटी, अपेक्षा माफक ठेवा. वेबसाइट काढली की दुसऱ्या दिवशी मागण्या येत नाहीत. आधी जत्रेत, प्रदर्शनात, ओळखीत जी गिऱ्हाइके मिळाली त्यांच्या पाकिटावर आपला पत्ता छापा. एकदा घेतलेल्याला दुसऱ्यांदा घेता आले, एवढे पहिल्या वर्षी झाले तरी पुष्कळ. मोठ्या कंपन्यांच्या बाजारावरही माल ठेवायला हरकत नाही. पण तिथे कमिशन द्यावे लागते आणि गिऱ्हाईक त्यांचेच राहते. आपल्या वेबसाइटवर आलेले गिऱ्हाईक आपले असते.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक ठराव करावा : वेबसाइटचे नाव काय, ते गटाच्या नावावर कोण नोंदवणार, ईमेल आणि सिम कोणाकडे, पासवर्ड कोणत्या दोघींना ठाऊक, नूतनीकरणाची तारीख कोणती. या पाच ओळी लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. फोटो आणि रंग नंतर ठरवता येतील. ठराव करताना अडचण आली तर लिहून आणा, पुढच्या वेळी आपण त्यावरच बसू.