ऑफिसला या म्हणतात, तेव्हा घरात काय ठरतं?

सध्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपला की एक विषय हमखास निघतो. कुणाची लेक, कुणाची सून पुण्याला कंपनीत नोकरीला. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि या मुली लॅपटॉप घेऊन गावी आल्या. जिथं रेंज मिळेल तिथं, कधी गच्चीवर, कधी गोठ्याच्या कडेला बसून त्यांनी काम केलं, पगारही आला. आता कंपन्या म्हणतात, ऑफिसला या. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीनं 2020 साली सांगितलं होतं की 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्केच माणसं ऑफिसात लागतील. त्याच कंपनीनं ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात बोलावलं.

असा निरोप आला की घरात पहिलं वाक्य काय निघतं? "सोडून दे नोकरी, नाहीतरी लेकरू लहान आहे." मुलग्याला हे कुणी म्हणत नाही. आम्ही बैठकीत एवढंच सांगतो की आधी कागद-पेन घ्या. पुण्यातलं खोलीभाडं, डबा, येणं-जाणं एका बाजूला लिहा, पगार दुसऱ्या बाजूला. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही धरा. आणि हेही धरा, की एकदा सुटलेली नोकरी दोन-तीन वर्षांनी त्याच पगारावर मिळत नाही.

तसं बघितलं तर घरून काम आपल्याला कुठं नवं आहे? सोलापूरकडं बायका तंबाखू आणि तेंदूचं पान घरी आणून विड्या वळत आल्या. मजुरी हजार विड्यांवर. जागा आपली, दिवा आपला, आणि विडी वाईट ठरवली की पैसे कापायचे ते आपलेच. लिज्जत पापडाचं वेगळं. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथं पीठ मळायचं केंद्रावर, लाटायचं आपापल्या घरी, आणि पापड पुन्हा केंद्रावर द्यायचे. काम घरी गेलं, पण रोजचं भेटणं सुटलं नाही, आणि धंद्याच्या मालकीण बायकाच राहिल्या. आमच्या मते खरा फरक इथं आहे.

आता घरात लॅपटॉपवर बसलेल्या सुनेचं बघा. मीटिंग चालू असते आणि बाहेरून हाक येते, "पाहुणे आलेत, चहा टाक." घरीच तर आहे ना! आमच्या एका गटातली सून स्पष्ट म्हणाली, "ऑफिसात मला कुणी भाकरी मागत नाही." ऐकून सगळ्या हसल्या, पण तिची सासू हसली नाही. कंपन्यांचंही सगळंच खोटं नाही. नवीन माणूस शेजारी बसून लवकर शिकतं. आपल्या शेडमध्ये नवी बाई चार दिवसांत पापड पातळ लाटायला लागते, घरी एकटीला महिना जातो. पण आठ महिन्यांचं लेकरू अंगावर असलेल्या बाईला आणि बिनलग्नाच्या पोराला एकच नियम लावायचा, हे काही आम्हाला पटत नाही.

म्हणून कायदा माहीत हवा. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. रजा संपल्यावर काम घरून करण्याजोगं असेल, तर मालक आणि ती बाई आपसात ठरवून तसं करू शकतात. हा हक्काचा हुकूम नाही, मागावं लागतं, आणि कंपनी नाहीही म्हणू शकते. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं मात्र पाळणाघराची सोय ठेवावीच लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाता येतं. नोकरीवर घेतानाच या सोयी लेखी कळवणं मालकाला बंधनकारक आहे. तुमच्या मुलीला तो कागद मिळालाय का, एवढं आज विचारा. मागणीही फोनवर तोंडी करू नये. मेलवर करावी, किती महिने, कोणते दिवस घरून आणि कोणते ऑफिसात, हे लिहून.

त्याच सुनेनं असा मेल गटाच्या बैठकीत बसूनच लिहिला. चार दिवस घरून, एक दिवस ऑफिस, सहा महिन्यांसाठी. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर ती सोमवारी पहाटेच्या एसटीनं जाते, शुक्रवारी रात्री येते, आणि लेकरू त्याच सासूबाईंजवळ असतं. बैठकीला त्या आता नातवाला कडेवर घेऊनच येतात.