पावसाळ्याआधी कोरफड

मे महिना संपत आला आहे, म्हणून कोरफडीची गोष्ट मी पावसापासूनच सुरू करतो. आपल्याकडच्या कुंड्यांतल्या कोरफडी वैशाखाचं ऊन काढतात आणि आषाढात मुळं कुजून जातात.

शास्त्रज्ञ तिचं माहेर अरबी द्वीपकल्पात मानतात. खडकाळ डोंगर, पाऊस क्वचित. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच वाटेनं पाणीही उडून जातं. कोरफड ही रंध्रं रात्रीच्या गारव्यात उघडते. घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि सकाळी, रंध्रं मिटून, उन्हाच्या बळावर त्याची साखर करते. दृष्ट लागू नये म्हणून चौकटीला उलटी टांगलेली कोरफड कित्येक महिने हिरवी राहते, ती या काटकसरीमुळे आणि पानांत साठवलेल्या पाण्यामुळे. केवढी ही तयारी! अशा झाडाला आपण रोज तांब्याभर पाणी घालतो.

कोरफडीसारखी दिसणारी बांधावरची घायपात वेगळी. ती मेक्सिकोकडची, पान ठेचलं की वाख निघतो, आणि एकदा फुलली की तो बुंधा मरतो. कोरफड मात्र वर्षानुवर्षं दांडा काढून फुलते.

आता पान बुडाशी कापून उभं धरा. सालीलगतून पिवळा, उग्र वासाचा चीक ओघळेल. हाच आटवला की काळा बोळ होतो. त्यात अॅलोइन असतं, ते जबर रेचक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ साली अशी रेचकं चिठ्ठीविना विकणं बंद करायला लावलं. सकाळी उपाशीपोटी पान चिरून खाणारे पुष्कळ जण मला भेटतात. त्यांना कळकळीनं सांगतो, वैद्यांना विचारल्याशिवाय हे करू नका. गरोदर बाईनं तर नकोच. कातडीला लावायचा तो आतला पारदर्शक गर, आणि तोही चीक पूर्ण निथळल्यावर, धुऊन.

कुंडी मातीची घ्या, बुडाला भोक हवंच. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे. बोट खुपसून पाहा. दोन पेरं खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही बुंध्याशी. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की तिथूनच कूज सुरू होते. पान मऊ पडून पिवळं झालं तर पाणी जास्त झालंय असं समजा. बारीक होऊन आत वळलं तर ती तहानली आहे. सावलीतून एकदम उन्हात नेलं की पानं तांबूस होतात, तेव्हा चार-आठ दिवसांत हळूहळू सरकवा.

येत्या आठवड्यात कुंड्या पत्र्याखाली किंवा गॅलरीत आत घ्या, ताटल्या काढून टाका. बुंध्याशी फुटलेली पिल्लं आत्ता सुटी करू नका. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, मुळासकट काढा, जखम दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा आणि पहिला आठवडाभर पाणी देऊ नका.